कॅलरी मोजून वजन उतरवायचे तर: काटा, वही आणि तुमचा स्वतःचा आकडा

कॅलरी मोजायला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना एकच आकडा हवा असतो: दिवसाला किती खायचे? ॲपमध्ये वय, उंची, वजन भरले की तो चटकन मिळतो, आणि बरेचसे प्रयत्न तिथेच फसतात. कारण तो आकडा तुमचा नसतो. तुमच्याच वयाच्या आणि उंचीच्या पुष्कळ माणसांची ती सरासरी असते. तुमचा आकडा तुम्हालाच शोधून काढावा लागतो. त्याला साधारण सहा आठवडे लागतात, आणि साधने म्हणून स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा, अंगाचे वजन करायचा काटा आणि एक वही पुरते. वहीऐवजी ॲप चालेल, पण ॲपने सुचवलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

कोणी हे करू नये

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले, आणि ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) १८.५ च्या खाली किंवा त्याच्या आसपास आहे त्यांनी वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजू नयेत. खाण्याशी निगडित मानसिक आजार ज्यांना पूर्वी होऊन गेला आहे त्यांच्यासाठी तर रोज आकडे लिहिणे सरळसरळ धोक्याचे आहे. जेवण उपाशी राहून कमी करणे, मग एकदम भरपूर खाणे, मग अपराधी वाटून उलटी काढणे, यातले काहीही ओळखीचे वाटत असेल तर हा मार्ग सोडा आणि डॉक्टरांशी बोला. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याशिवाय खाणे कमी करू नये, कारण रक्तातली साखर अचानक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पुढे दिलेले प्रथिनांचे प्रमाणही तुमच्यासाठी नाही.

कॅलरी म्हणजे नेमके काय

लेबलवर लिहिलेली एक कॅलरी म्हणजे शास्त्राच्या भाषेत एक किलोकॅलरी: एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी ऊर्जा. अन्नातली ऊर्जा मोजण्याची जी पद्धत आज सगळीकडे वापरली जाते, तिचा पाया विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घातला. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९, मद्यार्काच्या एका ग्रॅमला ७. हे चार आकडे पाठ असले की अर्धे काम होते.

पण तेही सरासरीचेच. बदाम घ्या. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरीच मिळतात. ॲटवॉटरच्या हिशेबाने त्या १७० च्या घरात यायला हव्या होत्या. दातांनी नीट न फुटलेल्या पेशींतले तेल पचतच नाही. म्हणजे वहीतला कोणताही आकडा कॅलरीच्या शेवटच्या अंकापर्यंत खरा नसतो. तरीही ही पद्धत काम करते, ती का करते ते पुढे येईलच.

पहिला आठवडा: फक्त लिहा

पहिल्या सात दिवसांत काहीही कमी करू नका. नेहमी खाता तेच खा, आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वजन करून लिहा. चव बघताना घेतलेला चमचा, मुलांच्या ताटात उरलेले दोन घास, चहा-कॉफीतले दूध-साखर, सगळे. रात्री आठवून लिहिलेले चालत नाही. खाण्याच्या आधी लिहायचे.

हा आग्रह उगाच नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये काही लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास झाला. दिवसाला १२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तपासले तेव्हा त्यांचा चयापचय नेहमीसारखाच निघाला. प्रत्यक्ष खाणे मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितले होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ही माणसे खोटारडी नव्हती. डोळ्यांचा आणि आठवणीचा अंदाज असाच फसतो, तुमचाही आणि माझाही.

काटा कसा वापरायचा

सगळ्यात जास्त चुका तेलात होतात. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी. चहाचा एक चमचा तेल सुमारे ४० कॅलरी, मोठा चमचा सुमारे १२०. बाटलीतून कढईत नजरेने ओतताना यातला फरक कळतच नाही. त्यावर सोपी युक्ती आहे: तेलाची बाटलीच काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, लागेल तेवढे तेल ओता आणि बाटली परत काट्यावर ठेवा. काटा उणे १२ दाखवत असेल तर १२ ग्रॅम तेल गेले, म्हणजे १०८ कॅलरी. लोणी, सुक्यामेव्याचे लोणी, मध, साखर, सगळ्यांना हीच रीत लागू पडते, आणि चमचा धुवायचाही वाचतो.

दुसरी मोठी गफलत कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाची. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात. शिजल्यावर तेच तांदूळ पाणी पिऊन पावणेतीन पट होतात, त्यामुळे १०० ग्रॅम भातात जेमतेम १३०. कच्चे तांदूळ तोलून ॲपमध्ये ‘शिजवलेला भात’ निवडला, तर एका घासाचाही फरक न पडता वहीतून २३० कॅलरी गायब होतात. ॲपमधली नोंद कच्च्या पदार्थाची आहे की शिजवलेल्या, हे दर वेळी बघा. मांस, डाळी, पास्ता यांनाही तेच.

आता घरच्या स्वयंपाकाचा हिशेब. इथे बरेच जण हात टेकतात आणि पाकिटबंद पदार्थांकडे वळतात, कारण त्यावर आकडा छापलेला असतो. असे मुळीच करू नका. पातेलेभर पदार्थाच्या कॅलरी काढणे अवघड नाही, फक्त रिकाम्या पातेल्याचे वजन एकदा करून कुठेतरी लिहून ठेवा.

समजा मसुराची डाळ केली. कच्चा मसूर २०० ग्रॅम, सुमारे ७०० कॅलरी. तेल ३० ग्रॅम, २७०. कांदा १५० ग्रॅम, ६०. टोमॅटो २०० ग्रॅम, ३६. पाणी आणि मीठ शून्य. एकूण १०६६. शिजल्यावर पातेल्यासकट वजन २१४० ग्रॅम भरले आणि रिकामे पातेले ८२० ग्रॅमचे असेल, तर आतला पदार्थ १३२० ग्रॅम. १०६६ ला १३२० ने भागले की प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ०.८१ कॅलरी. वाटीत २५० ग्रॅम घेतली तर २०० च्या थोड्या वर. नेहमीच्या दहा-बारा पदार्थांचे हे गुणोत्तर एकदा काढून ठेवले की पुढे रोज फक्त वाटी तोलायची. याच उदाहरणात अजून एक गोष्ट दिसते: ३० ग्रॅम तेलाने पातेल्यातली पाव हिश्श्याची ऊर्जा दिली, आणि ३५० ग्रॅम कांदा-टोमॅटोने मिळून शंभरसुद्धा नाही. बहुतेक घरांत खाण्याचे प्रमाण न बदलता, नुसते तेल मोजल्याने बरीचशी तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणे, साधते.

बाहेर खाल्ले तर तोलता येत नाही. तिथे सरळ साधारण तशाच पदार्थाचा आकडा शोधा आणि तेलापोटी त्यात शे-दीडशे वाढवून लिहा. आकडा चुकेल, पण जागा रिकामी ठेवण्यापेक्षा चुकलेला बरा. रिकाम्या जागेमुळे आठवड्याची सरासरीच मोडते.

सुरुवातीचा अंदाज

आठवडाभराच्या नोंदी हातात आल्या की सूत्राकडे या. सर्वांत जास्त वापरले जाणारे सूत्र १९९० मध्ये मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी मांडले. वजनाला (किलो) १० ने गुणा, उंचीला (सेंटिमीटर) ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी त्यात ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ही झाली नुसते पडून राहिल्यावर शरीराला लागणारी ऊर्जा. बैठे काम असेल तर तिला १.२ ने, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५ ने, आठवड्यातले तीन ते पाच दिवस नेटाने व्यायाम असेल तर १.५५ ने गुणा. शंका असेल तर खालचा गुणक घ्या. जवळजवळ सगळेच स्वतःची हालचाल जास्त धरतात.

उदाहरणार्थ ३५ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ७२ किलोची स्त्री. ७२० अधिक १००० वजा १७५ वजा १६१, म्हणजे १३८४. थोडी हालचाल धरून १.३७५ ने गुणले की सुमारे १९००.

आता तूट ठरवायची. आठवड्याला स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का उतरेल एवढी तूट पुरेशी आहे. वजन खूप जास्त असेल तर एक टक्क्यापर्यंत. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. वरच्या स्त्रीने रोज ४०० कमी खाल्ल्या तर आठवड्याला २८००, म्हणजे सुमारे ३६० ग्रॅम. ७२ चा अर्धा टक्का तेवढाच. तिने १५०० पासून सुरुवात करावी.

याहून घाई करू नये असे माझे ठाम मत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये, हा संकेत पाळाच. फार झपाट्याने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात, चरबीसोबत स्नायू जातात, आणि मनावरही परिणाम होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या, आणि भरपूर चालावेही लागत होते. ते चिडचिडे, उदास झाले. दिवसभर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही राहिले नाही. मोठी तूट घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात जे सुटते, त्याला लोक स्वतःचा दुबळेपणा म्हणतात. तो दुबळेपणा नाही, ती भूक आहे.

ताटात काय ठेवायचे

वजन कॅलरीच्या तुटीने उतरते, पण ती तूट सहन होणार की नाही हे ताट ठरवते. प्रथिने दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. ती पोट भरलेले ठेवतात, स्नायू टिकवतात, आणि त्यांच्यातल्या ऊर्जेचा २० ते ३० टक्के भाग पचवण्यातच खर्च होतो. कर्बोदकांत तो ५ ते १० टक्के, स्निग्धांत फार तर ३. भाज्या, कडधान्ये आणि अख्खी फळे यांनी ताटाचा आकार मोठा राहतो. पेयांतली साखर मात्र सगळ्यात आधी काढा, कारण प्यालेल्या कॅलरी पोटाला जाणवत नाहीत.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न, दोन आठवडे साधे अन्न. पुढे ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, स्निग्धे, तंतू (फायबर) सारखेच, आणि हवे तेवढे खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या पंधरवड्यात ती माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. पाकिटावरचा छापील आकडा हिशेबाला सोपा वाटतो, पण तो पदार्थ तुम्हाला भुकेलेच ठेवतो.

रोजचे वजन आणि पाण्याचा खेळ

रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा. लिहा आणि विसरा. बघायची ती फक्त सात दिवसांची सरासरी.

रोजचा आकडा किलो-दीड किलोने वर-खाली होतो, तो पाण्यामुळे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी. खाणे कमी केले की आधी हा साठा रिता होतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याचा भास होतो. खारट जेवण, नवा व्यायाम, अपुरी झोप, बद्धकोष्ठ, या सगळ्यांनी वजन तात्पुरते चढते. पाळी येण्याआधी पाणी साठते, त्यामुळे स्त्रियांनी या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून न बघता मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडावी. हे माहीत नसल्यामुळे किती जणी नेमक्या त्या चार दिवसांत सगळे सोडून देतात!

सहाव्या आठवड्याअखेर: तुमचा आकडा

आता मुख्य काम. पहिला आठवडा निरीक्षणाचा, नंतरचे पाच तुटीचे. तुटीतला पहिला आठवडा पाण्याचा म्हणून बाजूला ठेवा. दुसऱ्या आठवड्याची सरासरी आणि पाचव्याची सरासरी घ्या. त्यांच्यात २१ दिवसांचे अंतर आहे. पाळीचा घोळ वाटत असेल तर आणखी एक आठवडा थांबा, म्हणजे अंतर पूर्ण २८ दिवसांचे होईल.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीची सरासरी ७१.४ वरून ७०.८ वर आली. ६०० ग्रॅम उतरले, म्हणजे ४६२० कॅलरी. २१ ने भागले की दिवसाला २२०. याच काळात वहीप्रमाणे ती रोज सरासरी १५५० खात होती. १५५० अधिक २२० बरोबर १७७०. हा तिचा खरा आकडा: इतके खाल्ले तर वजन स्थिर राहील. सूत्राने १९०० सांगितले होते.

ही तफावत कुठून आली? कदाचित तिची हालचाल कमी असेल. कदाचित तिच्या नोंदींत रोज शंभरेक कॅलरी सुटत असतील, किंवा लेबले चुकीची असतील. अमेरिकेत तर लेबलवरच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त कॅलरी कायद्याला चालतात. कारण शोधत बसायची गरज नाही. ती रोज तशीच नोंद करत राहिली तर तिची चूकही रोज तेवढीच राहते आणि १७७० या आकड्यात आपोआप धरली जाते. बदामाचा आकडा चुकीचा असूनही पद्धत चालते ती यामुळेच. म्हणून अचूकतेपेक्षा सातत्य सांभाळा: सोमवार ते शुक्रवार ग्रॅमपर्यंत तोलणे आणि शनिवार-रविवार वही बंद, याने सगळा हिशेब वाया जातो.

१७७० मधून पुन्हा ४०० वजा केले तर १३७० येतात. मी ते सुचवणार नाही. १४७० वर राहावे, म्हणजे तूट ३००, आठवड्याला सुमारे २७० ग्रॅम. चार महिन्यांत साडेचार किलोच्या आसपास. मंद वाटते, पण हेच शेवटपर्यंत निभते.

व्यायामाच्या कॅलरी मिळवू नका

घड्याळाने ‘३८० कॅलरी जळाल्या’ असे दाखवले म्हणून तेवढे जास्त खाऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली; कॅलरीच्या मोजणीत त्यांतले सर्वांत चांगलेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते. व्यायाम नेहमीचा असेल तर त्याचा परिणाम वरच्या १७७० मध्ये आलेलाच आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम मात्र करा, नाहीतर उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. बाकी भरपूर चाला. खाणे कमी झाले की शरीर नकळत हालचाल आखडते, बसल्या जागेवरून उठणेसुद्धा कमी होते. पावले मोजत राहिलात तर ते लक्षात येते.

वजन अडले तर

सलग तीन आठवडे सरासरी हलली नाही तरच वजन अडले म्हणायचे. तेव्हा आधी वही तपासा: तेल परत नजरेने ओतले जाते आहे का, सुट्टीचे दिवस लिहिले आहेत का. नोंदी चोख असतील तर आकडा नव्याने काढा. शरीर हलके झाले की त्याला कमी ऊर्जा लागते, शिवाय ते थोडी काटकसरही करते. ७२ किलोला लागू पडलेला आकडा ६६ किलोला पडणार नाही. दर चार-पाच किलोंनंतर हे गणित पुन्हा करायचेच असते. काही महिने सलग तूट झाली असेल आणि थकवा, चिडचिड, झोपमोड जाणवत असेल, तर एक-दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढे खा. वजन थोडे चढलेले दिसेल, ते पाणी आहे. पाळी चुकू लागली किंवा केस गळू लागले तर मोजणी थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मोजणे कधी सोडायचे

ठरवलेल्या वजनाला पोहोचल्यावर वही एकदम मिटू नका. रोजच्या खाण्यात दर आठवड्याला १०० कॅलरी वाढवत जा, सरासरी उतरायची थांबेल तिथे थांबा. महिनाभर तिथेच राहा. मग एकेक जेवण न तोलता घ्यायला सुरुवात करा: आधी नाश्ता, कारण तो बहुधा ठरलेला असतो, मग दुपारचे, शेवटी रात्रीचे. तेल मात्र तोलूनच ओता. सकाळचे वजन चालू ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर एक सीमा लिहून ठेवा, ठरलेल्या वजनाच्या दीड किलो वर. सात दिवसांची सरासरी ती ओलांडेल त्या दिवशी काटा पुन्हा ओट्यावर आणायचा आणि दोन आठवडे सगळे लिहायचे.